सहाच्या आत एक चाल

"ठरलं," तात्या म्हणाले.

एक बूट काढून झाला होता, दुसरा पायातच होता, आणि त्या एका बुटासकट ते लॉजच्या पलंगावर बसले होते. धाकट्या सुनेला वाटलं, जिना चढून धाप लागली. ती पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

"पाणी नको. मशीन काढ."

"अहो, आधी बूट तरी काढा दुसरा."

"काढतो. तू मशीन काढ. चाल ठरली."

आता ही चाल म्हणजे काय, ते सांगायला हवं. तात्यांनी उभी हयात बंदरातल्या क्रेनवर काढली. वर एकट्याची केबिन, खाली सगळं जग. मालाची वाट बघत बसल्या बसल्या त्यांना बुद्धिबळाचा नाद लागला, आणि निवृत्तीनंतर तर तो पार डोक्यात भिनला. आसपास कोणी तोडीस तोड उरेना. जो यायचा तो हरायचा आणि पुन्हा म्हणून फिरकायचा नाही. शेवटी धाकटीनेच त्यांना ईमेलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या एका मंडळात घातलं. तिथे त्यांची गाठ पडली कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या एका निवृत्त गणिताच्या मास्तराशी. त्याला कोणी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता. घरात त्याचं नाव 'पलीकडचा' असंच पडून गेलं. वर्ष उलटलं तरी एकच डाव चालला होता. जेवताना तात्या हातातला घास हातातच धरून एकदम म्हणायचे, "पलीकडचा डोकं चालवतोय हं!" मग बाकीच्यांनी आमटी वाढायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मंडळाचा नियम कडक होता. चाल आली की तीन दिवसांत उत्तर द्यायचं, तेही ईमेलनेच. उशीर झाला की डाव गेला. मध्ये एक पंच होते आणि ते कारण वगैरे काही ऐकून घेत नसत. मागे एका खेळाडूने आजारपणात त्यांना फोन केला होता, तर पंचांनी आधी 'लवकर बरे व्हा' म्हटलं आणि मग डाव हरल्याचं सांगितलं.

तात्यांची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती. सातला त्यांना समोरच्या हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं, आणि उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते थोरल्याने कोणाला धड सांगितलं नव्हतं. पण तेव्हापासून त्याचा घास तोंडात फिरत होता आणि जरा काही झालं की तो दुसऱ्यांवर डाफरत होता. धाकटा जहाजावर, महिनाभर तरी येणार नव्हता. त्यामुळे तात्यांबरोबर आले ते थोरला आणि धाकटी.

मशीन म्हणजे लॅपटॉप, तो धाकटीच्या प्रेसचा होता. तिथे ती कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायची. लेटरहेडं, प्रश्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर. मालकाच्या हातापाया पडून तिने तो मागून आणला होता. वजन असं की एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना तोंडातून शिवी निघावी. तेव्हा इंटरनेट फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून लागायचं, आणि घरचा नंबर इथे चालणार नव्हता. ज्या गावात जाल तिथला नंबर फिरवावा लागायचा, आणि या गावचा नंबर तिने येताना गाडीत घोकून ठेवला होता. एवढी तयारी केल्यावर काय अडणार आहे, असं तिला वाटलं. तिथेच ती फसली.

तिने पलंग भिंतीपासून ओढला. भिंतीतल्या फोनच्या जागी एक दुहेरी सॉकेट लावलं, एकात खोलीतला फोन खोचला, दुसऱ्यात लॅपटॉपची वायर, आणि लॅपटॉपला नंबर फिरवायला सांगितलं. लॅपटॉप नुसता वाट बघत राहिला. मग त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून चक्क एका बाईचा आवाज आला.

"हॅलो, रिसेप्शन. कुठला नंबर हवाय? हॅलो? अहो, बोला की!"

लॅपटॉप बिचारा काय बोलणार! डायल टोन मिळत नाही, एवढं पडद्यावर लिहून तो मोकळा झाला.

"कोण ती?" तात्यांनी विचारलं.

"खालची ऑपरेटर. इथे बाहेरची लाइन तिच्याकडून मागून घ्यावी लागते."

"मग माग ना! तोंडात काय गुळणी धरलीयस?"

धाकटीने फोन उचलून लाइन मागितली. नंबर मी इथूनच लावते म्हणाली. "किती वेळ बोलणार?" ऑपरेटरबाईंनी विचारलं. "बाहेरच्या लाइनी दोनच आहेत आणि सगळा लॉज पेशंटच्या नातेवाइकांनी भरलाय."

"बोलायचं काहीच नाहीये हो. फक्त पाच मिनिटं लाइन हवी."

मग ऑपरेटरबाई फार मऊ आवाजात "बरं बरं" म्हणाल्या. काळजीने डोक्यावर परिणाम झालेली माणसं त्यांना रोजच भेटत असावीत.

टोनची वाट बघू नकोस, असं धाकटीने पडद्यावर एक खूण करून लॅपटॉपला बजावलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी नंबर फिरला. घंटी वाजली. मग ते सुरू झालं: कीं कीं, घर्र, खर्र, कर्कश्श शीळ आणि शेवटी नळ सोडल्यासारखा लांब आवाज. तात्या मान डोलवत ऐकत होते. आणि खट्! सगळं बंद.

तिने पुन्हा लाइन मागितली. पुन्हा घर्र, खर्र, शीळ. पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा तिने रिसीव्हर उचलून विचारलं, "ताई, तुम्ही मध्येच कट करताय का?"

"करतेय ना!" ऑपरेटरबाई आनंदाने म्हणाल्या. "अहो, काय भयानक खरखर येतेय तुमच्या लाइनवर! मी दर थोड्या वेळाने ऐकते, लाइन नीट आहे की नाही ते. तुमची ऐकली आणि कान किटले माझे. तोडून परत लावून देतेय, लागेल एकदा चांगली. तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना!"

धाकटीने कपाळाला हात लावला. वैर करणाऱ्याशी भांडता येतं हो, पण अशा मदत करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? पावणेपाच होऊन गेले होते.

तेवढ्यात थोरला आला. त्याची खोली शेजारचीच. घरी फोन लावायचा होता, लाइन मिळत नव्हती, म्हणून बघायला आला तर इथे पलंग खोलीच्या मधोमध, तात्या त्याच्यावर मांडी ठोकून बसलेले आणि धाकटी भिंतीपाशी जमिनीवर. त्याचं पित्तच खवळलं.

"काय चाललंय हे? डॉक्टरांनी काय सांगितलंय? डोक्याला ताण द्यायचा नाही. सांगितलंय ना, तात्या?"

"सांगितलंय. ताण तुझ्या तोंडाकडे बघून येतोय. जरा तिकडे तोंड कर."

"खेळ आहे तो! नुसता खेळ! उद्या काय आहे याची कल्पना आहे का तुम्हाला?"

"उद्या माझं ऑपरेशन आहे, तुझं नाही. मला कल्पना नसेल तर कोणाला असेल?" तात्या म्हणाले. "आणि आज काय आहे याची तुला कल्पना नाही. आज सहा वाजता माझा डाव जातोय."

थोरल्याने धाकटीला खुणेने बाहेर बोलावलं. पॅसेजमध्ये औषधांचा वास होता आणि प्रत्येक दारासमोर चपलांचा ढीग. तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, उगीच धडपडू नकोस. तात्या हरणार नाहीत, तेवढं मी बघितलंय. सहा वाजून जाऊ देत आपोआप. तू फक्त लाइन लागत नाही म्हणून सांग."

"काय बघितलंय तुम्ही?"

"आहे ते आहे. तुला काय करायचंय? मी मोठा आहे ना घरातला?"

आता धाकटीचा स्वभाव तसा पडतं घेणारा. पण तिला कोणी 'मोठा आहे ना' म्हटलं की तिच्या आत काहीतरी उलटंच फिरायचं. "मोठे आहात, दादा, मान्य," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी त्यांना आत नेतील, तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असेल? सुनेला एक फोन लावता आला नाही म्हणून हरलो, हेच ना? मी नाही असं सांगणार. लाइन लागत नाही म्हणे! लागत नाही तर लावून दाखवते."

आणि ती तरातरा जिना उतरली.

खाली रिसेप्शनवर ऑपरेटरबाई कानाला हेडफोन लावून जुन्या स्विचबोर्डसमोर बसल्या होत्या. बाई ठेंगण्या, ठसठशीत, पदर खोचलेला. काउंटरला टेकून एक गृहस्थ फोनची वाट बघत उभे होते. धाकटीने एका दमात सगळं सांगितलं: ती खरखर म्हणजेच बोलणं, आमचा कॉम्प्युटर दुसऱ्या कॉम्प्युटरशी तसंच बोलतो, जितकी जास्त खरखर तितकी लाइन चांगली.

"मला शेंडी लावताय का?" बाई म्हणाल्या. "खरखर येते तीच चांगली लाइन? मग इतकी वर्षं मी इथे काय भाजी निवडत होते?"

"तुमचं बरोबरच आहे हो, माणसांच्या बाबतीत. पण हे यंत्राचं आहे. तुम्ही मध्ये आलात की ते गडबडतं आणि फोन ठेवून देतं."

"आणि एवढं काय पाठवायचंय यंत्राला?"

इथे धाकटी थांबली. खोटं सांगता आलं असतं; रिपोर्ट पाठवायचाय, डॉक्टरांना कळवायचंय. कोणी विचारायलाही येणार नव्हतं. पण आता ती हट्टाला पेटली होती आणि हट्टाला पेटलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

"बुद्धिबळाची चाल," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या सासऱ्यांचं उद्या ऑपरेशन आहे. त्यांचा एक डाव चालू आहे. सहाच्या आत त्यांची चाल जायला हवी."

काउंटरला टेकलेले गृहस्थ वळून बघायला लागले. ऑपरेटरबाईंचा आवाज चढला. "अहो बाई, शुद्धीवर आहात का? इथे लोक रक्त मिळवायला फोन करतायत! आणि तुम्ही दोनातली एक लाइन खेळापायी अडवणार?"

"हो, अडवणार," धाकटी म्हणाली. तिचाही आवाज मोठा झाला. "माझ्या सासऱ्यांना रक्त मिळालंय. डॉक्टर मिळालेत. मुलगा आहे, सून आहे, गोळ्या आहेत, सगळं आहे. त्यांना त्यांचा डाव हवाय. त्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, आज हे मागितलंय. पाच मिनिटं द्या. नाही दिलीत तर मी इथेच बसते, तुमच्या या काउंटरवर, मशीन घेऊन. मग काय करायचं ते करा."

मग ते वाट बघणारे गृहस्थ हळूच म्हणाले, "माझा फोन नंतर लावा. मला घरी सांगायला तसंही नवीन काही नाहीये."

ऑपरेटरबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा धाकटीकडे. "लाइन देते," त्या म्हणाल्या. "पण कानाला हे असलं की मला ऐकल्याशिवाय राहवत नाही. सवयच आहे." असं म्हणून त्यांनी हेडफोन काढला, काउंटरवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसल्या. "जा आता पटकन. दुसऱ्या लाइनवर कोणी बोंबललं तरी मी घेणार नाहीये."

धाकटी दोन दोन पायऱ्या चढत वर आली. थोरला खिडकीशी पाठमोरा उभा होता. तात्या लॅपटॉपकडे असे बघत होते, की जणू तो आता आपणहून काही बोलेल. तिने बटण दाबलं. नंबर फिरला, घंटी वाजली, घर्र झालं, खर्र झालं, शीळ झाली, तो लांब आवाज सुरू झाला आणि सुरूच राहिला. मग एकदम शांत. लाइन जुळली होती.

"लागली!" ती ओरडलीच.

लाइन लागली की आधी आलेली पत्रं आत यायची, मग इकडचं बाहेर जायचं, अशी त्या मशीनची रीत होती. एक ईमेल आलेली होती. सरकत सरकत ती पडद्यावर उमटली.

"पलीकडच्याची आहे," धाकटी म्हणाली.

"त्याची? त्याची पाळी नाहीये. वाच."

तिने मोठ्याने वाचायला घेतलं. "महोदय, आपल्या चिरंजीवांकडून आपल्या प्रकृतीविषयी समजलं. त्यांच्या विनंतीला मान देऊन मी डाव बरोबरीत सोडवायला तयार आहे. पंचांनाही तसं कळवलं आहे, आणि आपसातली बरोबरी नियमात बसते म्हणून त्यांनी ते मान्य केलं आहे. आपण उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. सहापर्यंत आपल्याकडून काही आलं नाही, तर बरोबरी झाली असं धरलं जाईल. आपली प्रकृती लवकर सुधारो..."

शेवटचं वाक्य तिने वाचलं की नाही, कोणाच्या लक्षात आलं नाही. तात्या थोरल्याकडे बघत होते.

"तू लिहिलंस?"

थोरला वळला. "हो. ऑफिसातून लिहिलं. पंचांनाही मीच विनवलं." मग त्याला राहवेना. "काय चुकलं माझं? तुम्ही तीन दिवस झोपला नाहीत. डॉक्टर मला काय म्हणालेत ते तुम्हाला माहीत नाही. मला भीती वाटते हो, तात्या! दिवसरात्र भीती वाटते. मला वाटलं, निदान हे एक तरी तुमच्या डोक्यावरून उतरेल. कोणी हरणार नाही, कोणी जिंकणार नाही, तुम्ही शांतपणे आत जाल."

धाकटीला त्याचं म्हणणं पटलं. खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी अगदी पटलं. आता काहीच करायचं नव्हतं. लॅपटॉप बंद केला की झालं. सहा वाजतील, बरोबरी होईल, तात्यांचा मान राहील. तिचा हात झाकणाकडे गेलासुद्धा.

"हात काढ," तात्या म्हणाले. "लाइन आहे ना अजून?"

"आहे."

"लिही. बरोबरी मंजूर नाही. आणि खाली माझी चाल घाल. वजीर मागे, राजाच्या शेजारी."

"तात्या!" थोरला पुढे आला. "नीट विचार करा. आयती बरोबरी मिळतेय."

"आयती मिळतेय म्हणूनच नको. पोरी, लिहितेस की मी लिहू? मी लिहायला बसलो तर सात वाजतील."

धाकटीने एकदा थोरल्याकडे बघितलं, आणि लिहायला घेतलं. बरोबरी मंजूर नाही. खाली चाल, दोन अक्षरं आणि एक आकडा. वाचून दाखवलं, तात्यांनी मान हलवली, आणि तिने ते पाठवलं. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत भरली आणि तिथेच थबकली. खाली ऑपरेटरबाईंचे हात शिवशिवत असणार, असं धाकटीला वाटलं. मग पट्टी पुढे सरकली, भरली, आणि गेली. भिंतीवरच्या घड्याळात सहाला अजून थोडा अवकाश होता.

"गेली," ती म्हणाली, आणि तिने लाइन सोडून दिली.

तात्या उशीला टेकले. चेहऱ्यावर काय आनंद! उद्या ऑपरेशन आहे ते या माणसाचं की थोरल्याचं, बघणाऱ्याने ओळखलंच नसतं.

थोरला खुर्चीत बसला. मग त्याने विचारलं, "निदान जिंकताय तरी का?"

"कुठलं जिंकतोय!" तात्या म्हणाले. "पार अडकलोय. पलीकडच्याने फार छान कोंडलंय मला. आणखी पाच-सहा चाली, की संपलंच. त्याला ते माहितीये, मलाही माहितीये. तरी बरोबरी देत होता, माणूस भला आहे."

"मग?" थोरला जवळजवळ ओरडलाच. "मग का? हरणारच आहात तर एवढं सगळं कशासाठी?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अरे, बरोबरी झाली की डाव मिटला. सगळं आवरून, हात झटकून, मोकळा होऊन मी त्या खोलीत गेलो असतो. मला नाही मोकळं होऊन जायचं. आता त्याला उत्तर द्यायला तीन दिवस आहेत. मग माझी पाळी. अजून पाच-सहा चाली हरायचं काम माझ्याकडे शिल्लक आहे, आणि माझ्या वतीने दुसरं कोणी हरलेलं मला चालणार नाही. हरायला मला परत यावं लागेल."

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तात्यांनी त्याला रडू दिलं. मग खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तू तिथे बाहेर बाकावर बसशील ना? तर हे मशीन कसं लावायचं ते हिच्याकडून आजच शिकून घे. त्याचं उत्तर आलं की मला येऊन सांगायचं. झोपलेला असलो तर उठवायचं. डॉक्टर नको म्हणाले तरी उठवायचं. कळलं?"

"उठवतो," थोरला म्हणाला.